बावीसपर्यंत

रात्री पार्लरचं शटर पडलं की
मी नडगीवर अंगठा दाबते
आणि मोजते.
खड्डा भरून यायला बावीस आकडे लागतात.
कणकेच्या गोळ्यालाही याहून घाई असते.

दिवसभर मी दुसऱ्यांचे पाय धुते.
कोमट पाणी, लिंबाची फोड, टाचेवर वजरी.
रुवीतल्या अर्ध्या बायकांच्या टाचा मला पाठ आहेत,
चेहरे विसरते.
माझ्या पायांवर मात्र
चपला काढल्या तरी पट्टे तसेच.

दवाखान्यात रक्त दिलं, लघवी दिली,
आठवड्याच्या भाजीचे रियाल दिले.
मल्याळी डॉक्टरीण म्हणाली,
हृदय बरं आहे, मूत्रपिंडं बरी आहेत,
उभं राहणं कमी करा.
मी म्हटलं, बरं.
म्हणाली, मीठ कमी करा.
हे जरा लागलं.

कारण कवठेमहांकाळहून जावेनं
बरणीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून
धाडलेलं लोणचं, सांडगी मिरची,
खारवलेली बोरं –
दोन वर्षं पुरेल एवढं घर ते.
बरणी कपाटावर ठेवली, मागं सरकवली,
इतकी मागं की स्टूल लागावं.
दोनदा चढले स्टुलावर. सांगून टाकते.

खोलीत शेगडी एक, बायका चार.
लोर्ना मक्याच्या कणसाचे केस उकळते,
म्हणते, आमच्या बेटावर सगळे हेच पितात.
उम्म सालेम, गुरुवारचं माझं गिऱ्हाईक,
तिनं एकदा टबातला आपला पाय बाहेर काढला,
वाकून माझीच पोटरी दाबली, चुकचुकली.
पुढच्या खेपेला पिशवीत जव घेऊन आली
आणि बकदुनीसची जुडी,
म्हणजे कोथिंबिरीची अबोल चुलत बहीण.
मी धने भिजत घालते, सकाळी गाळून पिते,
कुळथाच्या माडग्यात मिठाऐवजी लिंबू पिळते,
तोंड वाकडं करते, पिते.
कशानं काय झालं, कोण सांगणार?
रात्री संडासापुढं रांग लागते, एवढं खरं.

बाहेर काळे डोंगर, काडी नाही गवताची.
नळाला येतं ते समुद्राचं, मीठ काढलेलं.
त्या कारखान्यात मलाही एकदा घाला,
असं म्हटलं तर लोर्ना
हसता हसता उशीवर पडली.

घरी फोन लावते तेव्हा कॅमेरा गळ्याच्या वर.
पोरगा म्हणतो, आई, गाल भरले की गं तुझे.
हो रे, म्हणते,
इथलं पाणी मानवलं.

शुक्रवारी कचरा टाकायला मागच्या गल्लीत गेले.
एसीची नळी ठिबकते तिथं, सिमेंटच्या फटीत
घेटुळी.
अगदी जमिनीला चिकटून, तांबूस देठांची,
टाचणीच्या डोक्याएवढी गुलाबी फुलं.
मी खालीच बसले.
आमच्याकडं बांधावर हिला कुणी विचारत नाही,
कुणाचे पाय सुजले की मग आठवते सगळ्यांना.
बी चिकट असतं हिचं.
कुणाच्या विजारीला धरून आलीस गं तू?
तुला कुणी व्हिसा दिला?

हात पुढं केला. पानं पाच-सहाच.
शिवाय मांजरांची गल्ली, एसीचं पाणी,
आणि हिच्यासारखीच दिसणारी आणखी एक असते,
ती ही नव्हे ना...
तोडली नाही.
थेंब पडत होता पानावर, थांबून, थांबून.
मी तोही मोजत बसले,
कचऱ्याची पिशवी मांडीवर तशीच.

आता भिंतीला पाय टेकवून पडले आहे,
खाली दोन उशा, एक माझी, एक लोर्नाची.
अंगठा दाबला. एक, दोन, तीन.
चौदाला कुणीतरी दिवा मालवला.
अंधारात चाचपून पाहिलं,
आहे अजून, की भरला,
बोटाला नीट कळेना.